कॉलेजने काय सांगावे आणि आपण काय विचारावे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात शिष्यवृत्ती समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गत कार्याचा गौरव करावा, अशी रीत आहे. तो गौरव इतर वक्त्यांनी यथायोग्य केला आहे. शिष्यवृत्ती समितीचे काम आम्ही बरीच वर्षे पाहत आलो असल्याने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली. परंतु किती मुलांस किती रुपये दिले, ह्याचा पाढा आम्ही वाचणार नाही. पैसे देताना आमच्याकडून जे राहून गेले, त्याविषयीच बोलावे, असे आम्ही ठरविले आहे. घरच्या समारंभात घरची चूक सांगितली, तर आपण रागावणार नाही, असा आम्हांस भरवसा वाटतो.

प्रथम एक हकीकत सांगतो. ती २०१९ सालची आहे. आपल्यापैकीच एका कुटुंबातील मुलगा बारावी उत्तीर्ण झाला. वडील देवासच्या एका कारखान्यात नोकरीस. कोणा मध्यस्थाच्या सल्ल्याने त्यांनी परगावच्या एका खाजगी महाविद्यालयात मुलाचे नाव घातले आणि वर्षाची फी भरली. प्रवेशाची शेवटची तारीख उलटून आठ दिवस होतात न होतात, तोच मुलास सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली. आनंदाने बापलेक पहिल्या महाविद्यालयात गेले. तेथे त्यांस सांगण्यात आले की, फी परत मिळत नसते, आणि मूळ गुणपत्रिकाही वर्षाची बाकी फेडल्याखेरीज मिळणार नाही. वडील तसेच परतले आणि दुसऱ्या फीसाठी कर्ज मागावयास आपल्या न्यासाकडे आले.

आम्ही काय केले? आम्ही कर्ज मंजूर केले. लगेच केले, ह्याचा आम्हांस अभिमानही वाटला. पहिली फी परत मागता येते काय, हा प्रश्न समितीतील आम्हां पाचांपैकी एकाच्याही मनात आला नाही. पुढे बारा-तेरा दिवसांनी न्यासाच्याच मदतीने शिकलेल्या एका मुलीने विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आमच्यापुढे ठेवली. प्रवेशाची शेवटची तारीख येण्यास पंधरा किंवा अधिक दिवस असताना प्रवेश सोडला, तर प्रक्रिया खर्चाची लहानशी रक्कम वजा जाता सर्व फी परत; पंधरा दिवसांहून कमी उरले असता शेकडा ९०; शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांच्या आत शेकडा ८०; पंधरा ते तीस दिवसांत शेकडा ५०; आणि त्यानंतर काही नाही, असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. मूळ प्रमाणपत्रे तपासून लगेच परत द्यावीत, ती अडकवून ठेवू नयेत, हेही त्यात होते.

त्या दिवशी रीतसर लेखी अर्ज गेला, त्याची एक प्रत आयोगाकडे गेली. गुणपत्रिका परत आली. पैसेही आले, पण निम्मेच आले. कारण वडिलांनी आठव्या दिवशी तोंडी विचारले होते. कागदावर तारीख पडली ती विसाव्या दिवसानंतरची. शंभरातले तीस रुपये केवळ त्या बारा-तेरा दिवसांच्या अज्ञानापायी गेले. हे अज्ञान वडिलांचे होते, तसेच आमचेही होते. वडील कारखान्यात राबणारे. त्यांस कोण दोष देईल? आम्ही मात्र शिष्यवृत्ती समिती म्हणवून घेत होतो.

तेव्हापासून आमच्या मनाने घेतले की, विद्यार्थ्याला पैसे देणे हे अर्धेच काम आहे. संस्थेने त्याला काय सांगितले पाहिजे हे त्याला ठाऊक असणे, हे उरलेले अर्धे. आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती घरच्या अब्रूपुरती ठीक आहे. जी संस्था मुलांकडून फी घेते, तिला मात्र मूठ झाकण्याचा अधिकार नाही, असे आता कायदा सांगतो.

कायदा काय सांगतो, ते थोडक्यात पाहू.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे विनियम काढले. त्यांप्रमाणे प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेने प्रवेश सुरू होण्याच्या किमान साठ दिवस आधी आपली माहितीपुस्तिका प्रसिद्ध केली पाहिजे किंवा संकेतस्थळावर ठेवली पाहिजे. तीत फीची प्रत्येक बाब निरनिराळी दाखवावयाची, प्रवेश सोडल्यास किती फी कोणत्या मुदतीत परत मिळेल ते सांगावयाचे, जागा किती, पात्रता काय, शिक्षक कोण आणि त्यांची पात्रता काय, वसतिगृह व ग्रंथालय कसे आहे, हे सारे द्यावयाचे. पुस्तिकेत एक आणि प्रत्यक्षात दुसरे असेल, तर ती तक्रारीची बाब होते. तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे असा तपशील ‘अनिवार्य प्रकटन’ म्हणून संकेतस्थळावर ठेवावा लागतो. सरकारी आणि सरकारकडून भरीव अनुदान घेणाऱ्या संस्थांना तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने आपण होऊनच माहिती प्रसिद्ध करावी लागते; आणि ती न दिसल्यास दहा रुपये भरून कोणीही नागरिक अर्ज करू शकतो, ज्याचे उत्तर सामान्यतः तीस दिवसांत मिळावयास हवे.

म्हणजे कागद आहे. तो वाचणारा नाही, ही आपली अडचण आहे. मुलगा मोबाइलवर महाविद्यालयाच्या इमारतीचे चित्र पाहतो, वडील फीचा आकडा पाहतात, आई वसतिगृहाच्या जेवणाची चौकशी करते, आणि फी परतीचे पान कोणीच उघडत नाही.

आता मदतीचा विषय घेऊ. आपल्या घरांतून एक गैरसमज फार दिसतो. आपण मराठी, तेव्हा पुण्याला शिकावयास गेलो की महाराष्ट्र सरकारच्या सवलती मिळतील, असे पुष्कळांस वाटते. त्या मिळत नाहीत. राज्याच्या सवलती अधिवासावर ठरतात, मातृभाषेवर नव्हे. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत खास तरतूद आहे. परंतु ती त्या भागापुरती आहे. धार आणि देवास तीत येत नाहीत. जातीचा दाखला मध्यप्रदेशाचा असेल, तर महाराष्ट्रातील राज्य आरक्षणासाठी तो सहसा चालत नाही. पुण्याच्या खर्चाचा अंदाज करताना ह्या गोष्टी पहिल्या दिवशी माहीत हव्यात. तेथील खोलीचे भाडे आगाऊ भरून झाल्यावर कळून उपयोग नाही.

उलट जे आपल्या हक्काचे आहे, ते आपण सोडतो. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत मध्यप्रदेश मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा केंद्रीय मंडळाच्या बारावीत ८५ टक्के गुण मिळविणाऱ्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मध्यप्रदेशाच्या विद्यार्थ्याची फी सरकार भरते. खेड्यात राहून बारावीत ६० टक्के गुण मिळविणाऱ्या मुलीस ‘गाव की बेटी’ योजनेत महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पाचशे रुपये, असे दहा महिने मिळतात. केंद्राच्या शिष्यवृत्त्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर एकत्र पाहावयास मिळतात. धार जिल्ह्यातील आमच्या खेड्यापाड्यांच्या सभासदांनी हे ध्यानात ठेवावे. पाचशे रुपये म्हणजे आज फार मोठी रक्कम नव्हे, हे खरे. परंतु बसच्या पासाचा भार हलका झाला म्हणून कॉलेज सोडावे न लागलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत.

कर्जाविषयीही दोन शब्द. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यास तारण व जामीन न देता कर्ज मिळते; आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शेकडा तीन व्याजसवलत मिळू शकते. परंतु संस्था त्या यादीत आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. आणखी एक गोष्ट बँकेच्या खिडकीशी उभे राहून विचारावी. शिक्षण चालू असता हप्ता द्यावा लागत नाही, म्हणजे व्याज थांबले, असे पुष्कळांस वाटते. सवलत लागू नसेल, तर व्याज त्या काळातही चढत राहते. ते थोडे थोडे फेडता आले, तर मुलाच्या पहिल्या पगारावरचे ओझे उतरते.

आता देवासच्या जुन्या गोष्टीकडे वळतो. येथील वडीलधाऱ्यांना ती सांगावयास नको, पण नव्या पिढीसाठी सांगतो. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार ह्या बंधूंनी अठराव्या शतकात येथे राज्य स्थापिले आणि पुढे त्याच्या दोन पाती झाल्या, थोरली आणि धाकटी. एकाच टेकडीच्या पायथ्याशी, एकाच गावात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. १९४८ साली दोन्ही पाती आणि धार संस्थानही मध्यभारतात विलीन झाली, आणि १९५६ साली मध्यप्रदेश झाला. त्या काळी देवासच्या माणसास कोणत्याही कामासाठी प्रथम एक गोष्ट ठाऊक असावी लागे: आपण कोणत्या पातीचे? चुकीच्या दरबारात अर्ज नेला, तर दिवस फुकट गेला.

आजच्या विद्यार्थ्याचे तेच आहे. देवासची महाविद्यालये उज्जैनच्या विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडतात, तर धारची इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या. दोन चुलतभाऊ, एक देवासला शिकणारा, एक धारला. दोघांचे विद्यापीठ निराळे, म्हणून तक्रारीचे दारही निराळे. अभियांत्रिकीस तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते, विधिशिक्षणास बार कौन्सिलची. म्हणून प्रवेश घेताना पहिला प्रश्न विचारावा: ही संस्था कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि ह्या अभ्यासक्रमाला ह्या वर्षाची मान्यता आहे काय? बनावट विद्यापीठांची यादी आयोग वेळोवेळी जाहीर करतो. ती एकदा चाळून पाहावयास पाच मिनिटे लागतात, आणि न पाहिल्यास तीन वर्षे जाऊ शकतात.

तक्रारीची वाटही समजून घेऊ. २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावयास हवी. तीत निदान एक स्त्री आणि अनुसूचित जाती, जमाती वा इतर मागासवर्गांतील निदान एक व्यक्ती असली पाहिजे. तक्रार आल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत तिने आपला अहवाल द्यावयाचा. त्याने समाधान न झाल्यास पंधरा दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते, आणि लोकपालाने ते तीस दिवसांत निकालात काढावयाचे असते. ह्यात ध्यानात ठेवण्यासारखे एकच: तक्रार लेखी हवी आणि पोचपावती हवी. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते, हे त्या कारखान्यातल्या बापाने शेकडा तीस भरून शिकविले आहे.

ह्यापुढचा विषय बोलावयास जड आहे, पण बोलल्यावाचून चालणार नाही. तो मुलांच्या सुरक्षिततेचा. २००९ च्या मार्च महिन्यात हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी वरच्या वर्गातील मुलांच्या मारहाणीने मरण पावला. त्याच वर्षी आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम केले. त्यांप्रमाणे रॅगिंगविषयीचे नियम व शिक्षा माहितीपुस्तिकेत छापल्या पाहिजेत, विरोधी समिती व पथक असले पाहिजे, विद्यार्थी आणि पालक ह्या दोघांनीही हमीपत्र द्यावयाचे असते. आपल्यापैकी किती पालकांनी ते हमीपत्र वाचून सही केली? आम्ही आमच्या घरीही विचारले. कोणीच वाचले नव्हते. त्या कागदावर आपण नुसती आपल्या मुलाच्या वागणुकीची हमी देत नाही. आपल्या मुलाला कोणी छळले, तर कोठे जावे, हेही त्याच्याबरोबर कळते. चोवीस तास चालणारा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून द्यावा.

मुलींसाठी २०१३ चा कायदा आणि आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत. प्रत्येक महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते, आणि तिच्या सभासदांची नावे व संपर्क ठळक जागी लावावे लागतात. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांत करावयाची, चौकशी नव्वद दिवसांत संपवावयाची. तक्रार करणारीचे नाव गुप्त ठेवणे हे कायद्याने बंधनकारक आहे. पूर्वी मुलगी घरी येऊन काही सांगू लागली, की आम्ही म्हणत असू, ‘बाई गं, दुर्लक्ष कर, अभ्यासाकडे पाहा.’ हा सल्ला आम्ही आमच्याच लेकींना दिला आहे. तो चुकीचा होता, हे आज ह्या व्यासपीठावरून कबूल करतो.

परदेशी मुले असलेल्या कुटुंबांसाठी अमेरिकेचे उदाहरण सांगतो, कारण ते ऐकताना आम्हांसही धक्का बसला होता. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातील एका विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी ह्या विद्यार्थिनीचा खून झाला. त्या आवारात पूर्वी घडलेले गुन्हे आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते, हे तिच्या आईवडिलांना नंतर कळले. दुःख गिळून ते घरी बसले नाहीत. त्यांच्या खटपटीने १९९० साली कायदा झाला. आता तेथील महाविद्यालयांना आवारातील तीन वर्षांच्या गुन्ह्यांचे आकडे दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करावे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने नवागतांच्या छळाची माहितीही त्यात आली. ज्यांची मुले तिकडे जाणार आहेत, त्यांनी फीच्या आकड्याबरोबर तो अहवालही मागवावा. तो मागावा लागत नाही, उघड असतो. नुसता वाचावयाचा असतो.

त्याच देशात १९७४ चा एक कायदा आहे. त्याप्रमाणे मुलगा अठरा वर्षांचा झाला किंवा महाविद्यालयात गेला, की त्याच्या गुणांच्या नोंदीवरील हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. आपल्या एका सभासदाने तेथील महाविद्यालयाला मुलाचे गुण विचारले, तर उत्तर आले, ‘मुलाची लेखी संमती आणा.’ त्यांस राग आला. आम्हांसही प्रथम ते विचित्र वाटले. पण विचार करता करता आम्ही आमच्याच दारात येऊन थांबलो. ती गोष्ट आता सांगतो.

आपल्या न्यासाच्या वार्षिक अहवालात शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यांची यादी छापण्याची प्रथा होती. नाव, गाव, वडिलांचा धंदा, वार्षिक उत्पन्न आणि शेरा. शेऱ्यात ‘पितृछत्र नाही’, ‘आई घरकाम करते’, असे लिहिलेले असे. संमेलनात ती यादी मोठ्याने वाचली जाई आणि मूल व्यासपीठावर येऊन पाकीट घेई. देणाऱ्याला समाधान वाटे, टाळ्या पडत. काही वर्षांपूर्वी एका मुलीने आमच्या समितीकडे येऊन विनंती केली, ‘काका, माझं नाव वाचू नका. माझ्या वर्गातल्या मुली सभेला असतात.’ आम्ही हसून म्हणालो, ‘अगं, ह्यात लाजायचं काय? न्यासाचा नियम आहे.’ नाव वाचले गेले. तिने येऊन पाकीट घेतले, नमस्कार केला. पुढच्या वर्षी तिचा अर्ज आला नाही. गुण उत्तम होते, गरज तशीच होती. आम्ही निरोप पाठविला, तरी ती आली नाही.

आम्ही तिच्या घरची माहिती घेतली होती ती मदत करण्यासाठी. ती माहिती आमची नव्हती. ती आम्ही चारचौघांत वाटली, आणि मदतीची किंमत म्हणून त्या मुलीकडून तिची लाज वसूल केली. हे कठोर शब्द आहेत. पण ते आम्ही स्वतःसाठीच वापरत आहोत.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यांतील मुख्य कर्तव्ये अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. त्या कायद्याचे सार साधे आहे. कोणाची माहिती घ्यावयाची, तर कशासाठी हे सांगावे, संमती घ्यावी, त्या कामापुरतीच वापरावी, काम झाल्यावर ठेवू नये. आणि अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती घ्यावी. त्यात एक गोष्ट आम्हांस विशेष आवडली. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचावयास मिळण्याची सोय त्यात सांगितली आहे. मराठी त्यांत आहेच. माळव्यात राहूनही आपल्या आजीला मराठीत विचारूनच तिची माहिती घ्यावी, असे प्रथमच कोणी कायद्यात लिहिले.

कायदा अमलात येईपर्यंत थांबावयाचे कारण नाही. मुलांनीही स्वतःपुरते जपावे. आधारची प्रत मागितली, तर शेवटचे चारच अंक दिसणारी झाकलेल्या अंकांची प्रत चालेल काय, असे आधी विचारावे. ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, ओटीपी सांगा’, असा फोन आला, तर तो ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर उशीर न करता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. इंदूरच्या शिकवणी वर्गांत नाव घालताना जाहिरातीतील यशस्वी मुलांच्या फोटोंनी भुलू नये. त्या मुलांनी तेथे नेमका कोणता अभ्यासक्रम केला, हे विचारावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे तपशील दडवून जाहिरात करण्यास मनाई केली आहे.

आता आम्ही न्यासापुढे चार सूचना ठेवतो.

पहिली, शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेतील चार पाने जोडावीत: संलग्नता व मान्यतेचे, फीच्या तपशिलाचे, फी परतीचे, आणि तक्रार व सुरक्षा समित्यांचे. पान न सापडल्यास अर्ज नाकारू नये. समितीतील कोणी त्याच्याबरोबर बसून ते शोधावे.

दुसरी, दर वर्षी बारावीचा निकाल लागताच धार आणि देवास येथे एकेक रविवार ‘कागद वाचनाचा’ ठेवावा. आपले निवृत्त शिक्षक, बँकेतील मंडळी आणि शिकून पुढे गेलेली मुले तेथे बसतील. फी परतीचे नियम वर्षावर्षाला बदलतात. २०२४-२५ सालासाठी आयोगाने ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतीची सूचना काढली होती. म्हणून त्या त्या वर्षाची सूचना तेथे मराठीत समजावून सांगावी.

तिसरी, लाभार्थींची नावे ह्यापुढे छापू नयेत व वाचू नयेत. ज्याला स्वतःहून व्यासपीठावर यावेसे वाटेल, त्याचे स्वागतच आहे. पण ते मदतीच्या अटीत नसावे. ही विनंती आम्ही स्मरणिकेच्या संपादक मंडळास केली आणि त्यांनी ती मान्य केली, ह्याबद्दल त्यांचे आभार.

काही देणगीदारांनी आम्हांस विचारले, ‘मग आमचा पैसा कोठे गेला, हे आम्हांस कसे कळावे?’ हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर चौथ्या सूचनेत आहे. न्यासाने स्वतःचा कारभार संपूर्ण उघडा करावा. अर्ज किती आले, किती मंजूर झाले, निवडीचे निकष काय, रक्कम किती, कोणत्या अभ्यासक्रमांस गेली, नाकारलेल्यांस कारण लेखी कळविले काय, आणि समितीच्या सभासदाचा नातलग अर्जदार असता तो सभासद निर्णयाच्या वेळी बाहेर बसला काय, हे सारे दर वर्षी छापावे. नावांची यादी हिशेबतपासनीसांनी पाहावी. महाविद्यालयाकडे आपण जे मागतो, ते प्रथम आपण द्यावे.

देणाऱ्याची मूठ उघडी असावी आणि घेणाऱ्याची झाकलेली राहावी. आमच्या हातून इतकी वर्षे नेमके उलटे घडले.

मित्रहो, धारच्या मुलाला इंदूरचे साठ-एक किलोमीटर आणि देवासच्या मुलाला पस्तीस-एक किलोमीटर रोज बसने जाताना आम्ही पाहतो. डब्यात आईने घातलेली पोळी असते, खिशात वडिलांनी मोजून दिलेले पैसे असतात. त्या प्रवासात त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट असावी: आपले हक्क कोणत्या कागदावर लिहिले आहेत, ह्याची माहिती. ती वजनाला हलकी असते आणि चोरीस जात नाही.

ती मुलगी आज कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. पण आता शहाणपण आले असल्याने सांगणार नाही. तिच्या धाकट्या भावाचा अर्ज यंदा आला आहे. अर्जाच्या शेवटी त्याने एकच ओळ लिहिली आहे, ‘माझे नाव जाहीर करू नये.’ समितीने त्यावर ‘मान्य’ असा शेरा मारला आहे.

न्यासास शतकमहोत्सव पाहावयास मिळो, आणि त्या दिवशी बोलणाऱ्यास चुका कमी सांगाव्या लागोत, अशी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण संपवितो.